जँगोमधून ईमेल पाठवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर ॲप बांधणाऱ्यांसाठी आहे. लॅरावेल किंवा रेल्ससारखं दुसरं फ्रेमवर्क वापरत असाल तर सेटिंग्जची नावं वेगळी असतील, पण पोर्ट, डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) आणि स्पॅमबद्दल जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं लागू पडतं.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. मेल तीन टप्प्यांतून जातो: ॲप तो तयार करतं, मग एसएमटीपी सर्व्हरच्या, म्हणजे मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या, हवाली करतं, आणि तो सर्व्हर पुढे समोरच्याच्या मेलबॉक्सपर्यंत नेतो. जँगोचं काम दुसऱ्या टप्प्यावर संपतं. तक्रार आली की आधी ती कोणत्या टप्प्यातली आहे ते ठरवा. टप्पा न ठरवता कोड चाळत बसलात तर दिवस वाया जातो.

किमान कोणत्या सेटिंग्ज लागतात?

‘ईमेल_होस्ट’, ‘ईमेल_पोर्ट’, ‘ईमेल_होस्ट_यूजर’, ‘ईमेल_होस्ट_पासवर्ड’, ‘डीफॉल्ट_फ्रॉम_ईमेल’, आणि ‘ईमेल_यूज_टीएलएस’ किंवा ‘ईमेल_यूज_एसएसएल’ या जोडणी सुरक्षित करण्याच्या दोन पद्धतींपैकी एकच. पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल. ही जोडी उलटी लावली की हमखास अडतं. ५८७ वर एसएसएल लावलं तर ‘राँग व्हर्जन नंबर’ अशी एरर येते. ४६५ वर टीएलएस लावलं तर जोडणी नुसती लटकून राहते.

पासवर्ड सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या मूल्यांतून, घ्या. तिथून ‘फॉल्स’ हा शब्द घेतलात तर पायथॉनला तो मजकूर म्हणून मिळतो, आणि रिकामा नसलेला कोणताही मजकूर ‘ट्रू’ धरला जातो. मग टीएलएस आणि एसएसएल दोन्ही चालू आहेत असं समजून जँगो तक्रार करतो आणि तुम्ही भलतीकडेच शोधत राहता. तो मजकूर ‘ट्रू’ या शब्दाशी ताडून पाहा आणि मगच सेटिंगमध्ये टाका.

आणखी एक सेटिंग लोक विसरतात: ‘ईमेल_टाइमआउट’. डीफॉल्टला तिथे काहीच मर्यादा नसते. १० सेकंद ठेवा. का ते खाली येईलच.

लॅपटॉपवर काम करताना खरे मेल जाऊ नयेत, काय करू?

‘ईमेल_बॅकएंड’मध्ये कन्सोल बॅकएंड लावा. मेल टर्मिनलमध्ये छापला जाईल. मेल फाइलमध्ये साठवून नंतर उघडून बघायचा असेल तर फाइल बॅकएंड आहे. एचटीएमएल मेल कसा दिसतो ते पाहायचं असेल तर मेलपिट हा छोटा सर्व्हर मशीनवर चालवा. तो १०२५ या पोर्टवर मेल पकडतो आणि ब्राउझरमध्ये दाखवतो.

प्रॉडक्शनचा डेटाबेस लॅपटॉपवर उतरवून घेणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. एक चुकीची कमांड चालली की खऱ्या ग्राहकांना ‘चाचणी १२३’ जातं.

जीमेलचा पासवर्ड बरोबर आहे, तरी ५३५ ची (लॉगिन नाकारल्याची) एरर येते. का?

तुम्ही लॉगिनचा पासवर्ड देताय. वैयक्तिक खात्यांवर नुसत्या पासवर्डने बाहेरच्या ॲपला आत घ्यायची सोय गूगलने मे २०२२ च्या अखेरीस बंद केली. आधी खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग ॲप पासवर्ड बनवा. तो १६ अक्षरांचा असतो. दाखवताना चार-चार अक्षरांचे गट पाडून दाखवतात, भरताना मधली मोकळी जागा काढून टाका. खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. ‘परवापर्यंत चालत होतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० मेलची मर्यादा आहे, वर्कस्पेसमधून (गूगलच्या कंपन्यांसाठीच्या खात्यातून) २,००० ची. शिवाय ‘फ्रॉम’मध्ये दुसराच पत्ता दिलात आणि तो खात्यात जोडलेला नसेल, तर गूगल तो बदलून तुमचा जीमेल पत्ता टाकतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला किंवा सोसायटीच्या ॲपला जीमेल चालेल. ज्या ॲपवर धंदा चालतो तिथे वापरू नका. खातं अडकलं तर ओटीपी, पावत्या, सगळंच एकदम थांबतं.

लॅपटॉपवरून मेल जातो, सर्व्हरवरून जात नाही. असं का?

एरर नीट वाचा, उत्तर बहुधा तिथेच असतं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणत असेल तर सर्व्हरवर तुमच्या सेटिंग्ज पोचलेल्याच नाहीत. एन्व्हायर्नमेंट फाइल वाचली गेली नाही की ‘ईमेल_होस्ट’ डीफॉल्टवर, म्हणजे लोकलहोस्टच्या पोर्ट २५ वर जातो, आणि तिथे ऐकायला कोणी नसतं. शेलमध्ये जाऊन सेटिंग छापून बघा. पण एक लक्षात ठेवा: तुम्ही उघडलेल्या शेलची एन्व्हायर्नमेंट वेगळी आणि सिस्टमडीने (लिनक्समध्ये सेवा चालवणारा प्रोग्राम) चालवलेल्या गनिकॉर्नची (जँगो ॲप चालवणारा सर्व्हर) वेगळी असू शकते.

‘टाइम्ड आउट’ म्हणत असेल तर वाटेत पोर्ट अडवलेला आहे. स्पॅम रोखण्यासाठी क्लाउड कंपन्या हे मुद्दाम करतात. ॲमेझॉन ईसीटू, गूगल क्लाउड, अझुर या सगळ्यांकडे बाहेर जाणाऱ्या पोर्ट २५ वर बंधनं आहेत. डिजिटलओशनच्या ड्रॉपलेटवर (त्यांच्या सर्व्हरवर) २५, ४६५ आणि ५८७ तिन्ही बंद असतात. तिथे मेलसेवेचा (ॲपचे मेल पोचवून देणाऱ्या कंपनीचा) २५२५ पोर्ट वापरा किंवा एसएमटीपी सोडून तिच्या एपीआयने पाठवा. एपीआयची वाहतूक ४४३ वरून होते आणि तो पोर्ट कोणी अडवत नाही. अशा एपीआयसाठी ‘जँगो-एनीमेल’ हे पॅकेज चांगलं आहे. बॅकएंड बदलला की बाकीचा कोड तोच राहतो.

आता टाइमआउटचं. मर्यादा नसेल तर ॲप वाट बघत बसतं, गनिकॉर्न ३० सेकंदांनी तो वर्कर (विनंती हाताळणारी प्रोसेस) मारून टाकतो आणि ग्राहकाला दिसते ५०२ ची एरर. लॉगमध्ये मेलचं नावही नसतं. १० सेकंदांची मर्यादा घातलीत की खरी एरर लॉगमध्ये उतरते.

मेल जातो, पण पहिला मेल जायला पाच-दहा सेकंद लागतात. नेट तर चांगलं आहे!

मशीनचं नाव तपासा. मेल तयार करताना जँगो मशीनचं पूर्ण नाव विचारतो आणि ते डीएनएसमध्ये सापडलं नाही तर उत्तराची वाट बघतो. ‘एटसी’ फोल्डरमधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये मशीनचं नाव लिहा. एकदा मिळालेलं उत्तर तो लक्षात ठेवतो, म्हणून त्या प्रोसेसचा फक्त पहिलाच मेल रेंगाळतो.

‘सेंड_मेल’ने १ परत दिला, तरी मेल मिळाला नाही. मग १ चा अर्थ काय?

एसएमटीपी सर्व्हरने मेल ताब्यात घेतला, एवढाच. म्हणजे दुसरा टप्पा पार पडला. पुढे मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो, परत येऊ शकतो किंवा रांगेत अडकू शकतो, आणि यातलं काहीही जँगोला कळत नाही. म्हणून स्क्रीनवर ‘मेल पोचला’ असं लिहू नका, ‘मेल पाठवला आहे, स्पॅम फोल्डरही बघा’ असं लिहा.

पुढचं जाणून घ्यायचं तर मेलसेवेच्या डॅशबोर्डवर त्या मेलची नोंद शोधा. तिथे नोंदच नसेल तर मेल ॲपमधून निघालाच नाही. अशा वेळी कोडमध्ये कुठे ‘फेल_सायलेंटली’ ट्रू केलं आहे का ते बघा. ही सोय प्रॉडक्शनमध्ये वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ती चूक टाळत नाही, फक्त लपवते. कोड बाजूला ठेवून नुसतं एसएमटीपी तपासायचं असेल तर मॅनेज-डॉट-पायची ‘सेंडटेस्टईमेल’ कमांड चालवा.

मेल स्पॅममध्येच जातात. मजकूर बदलू का?

आधी डीएनएस बघा, मजकूर नंतर. जीमेलवर आलेला तुमचाच मेल उघडा, तीन ठिपक्यांच्या मेन्यूत मूळ मेल दाखवण्याचा पर्याय आहे. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिघांपुढे ‘पास’ हवं.

एसपीएफ ही तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांची यादी असते. डोमेनवर तिची नोंद एकच असावी. वर्कस्पेससाठी एक आणि मेलसेवेसाठी दुसरी अशा दोन केल्यात तर दोन्ही निकामी होतात, म्हणून दोघांचे ‘इन्क्लूड’ (त्यांचे सर्व्हर यादीत घेणारे भाग) एकाच ओळीत घ्या. ती ओळ तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं तरी नोंद बाद होते.

डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. इथे दोन खड्डे आहेत. काही डीएनएस पॅनेल तुम्ही भरलेल्या नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव भरलंत की डोमेन दोनदा लागतं आणि नोंद कोणालाच सापडत नाही. दुसरं, २०४८ बिटांची की २५५ अक्षरांत मावत नाही. तिचे तुकडे करून भरावे लागतात, आणि काही पॅनेल जास्तीचा भाग न सांगता कापून टाकतात. सेव्ह केल्यावर ‘डिग’ या कमांडने नोंद बाहेरून वाचून ताडून घ्या.

डीमार्क बघतो ते मेल वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’मधलं डोमेन. ते एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एकाच्या डोमेनशी जुळावं लागतं. ‘एसपीएफ पास, तरी डीमार्क फेल’ हे कोडं इथेच सुटतं. एसपीएफ मेल परत येण्याच्या पत्त्याचं डोमेन तपासतो, आणि तो पत्ता बऱ्याचदा मेलसेवेचा असतो. एसईएस या ॲमेझॉनच्या मेलसेवेत वेगळं काही केलं नाही तर असंच होतं आणि डीमार्क डीकेआयएमवर तगून असतो. सुरुवात ‘नन’ (फेल झालेल्या मेलवर कारवाई नको) या धोरणाने करा, काही आठवडे अहवाल बघा, मग ‘क्वारंटाइन’वर (असे मेल स्पॅममध्ये टाका) जा. अकाउंटिंग सॉफ्टवेअर, एचआरचं पोर्टल असे तुमच्या नावाने मेल पाठवणारे विसरलेले मार्ग या अहवालांतूनच सापडतात.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे आहेत. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. याहूनेही त्याच सुमारास तसेच नियम आणले. प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी. त्यासाठी ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ आणि ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’ हे दोन हेडर लागतात. ते क्लिक गूगलच्या सर्व्हरकडून पोस्ट विनंती बनून येतं, तिच्यासोबत सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच पानावरून आल्याची खूण) नसतं आणि जँगो ४०३ देऊन ती परतवतो. त्या एका व्ह्यूला सीएसआरएफमधून सूट द्या, आणि नाव कोणाचं काढायचं ते दुव्यातल्या सही केलेल्या टोकनवरून ठरवा.

संपर्क फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकला तर उत्तर देणं सोपं होईल ना?

तसं करू नका. त्याच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी तुमच्या सर्व्हरला नाही. याहूने २०१४ पासूनच असे मेल नाकारण्याचं धोरण जाहीर केलेलं आहे. त्यामुळे याहूवाल्या ग्राहकाची चौकशी तुमच्यापर्यंत येतच नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय_टू’मध्ये टाका. ‘सेंड_मेल’मध्ये ही सोय नाही, ‘ईमेलमेसेज’ वापरा. उत्तर द्यायचं बटण दाबलं की पत्ता बरोबर ग्राहकाचाच येतो.

एकच मेल २०० सभासदांना पाठवायचा आहे. सगळे पत्ते एका यादीत देऊ?

दिलेत तर प्रत्येकाला बाकीच्या १९९ जणांचे पत्ते दिसतील. एकदा गेलेला मेल परत घेता येत नाही, म्हणून ही चूक मोठी आहे. ‘बीसीसी’ने पत्ते लपतात, पण एसईएससारख्या सेवा एका मेलला ५० च पत्ते घेतात, आणि प्रत्येकाचं नाव घालून लिहिता येत नाही ते वेगळंच. प्रत्येकाला वेगळा मेल करा, फक्त जोडणी एकच ठेवा. ‘गेट_कनेक्शन’ने ती उघडा, मेलांची यादी बनवा आणि ‘सेंड_मेसेजेस’ला द्या. दर मेलला नव्याने लॉगिन करण्याचा वेळ वाचतो. ‘सेंड_मास_मेल’ही आतून हेच करतं, पण त्यातून फक्त साधा मजकूर जातो.

ऑर्डर दिल्यावर पान फिरत राहतं. मेल मागे कसा ढकलू?

सेलरीसारखी रांग वापरा, म्हणजे मेल पाठवायचं काम वेगळी प्रोसेस मागे करते. जँगो ६.० मध्ये टास्क्सची स्वतःची चौकट आली आहे, पण कामं उरकणारा वर्कर तिच्यासोबत येत नाही, तो वेगळा आणावा लागतो.

रांग लावताना पहिला घोळ ट्रान्झॅक्शनचा होतो. ऑर्डर सेव्ह होते, टास्क रांगेत जातं, वर्कर ते लगेच उचलतो, पण डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन अजून कमिट, म्हणजे पक्कं, झालेलं नसतं. वर्करला ऑर्डर सापडत नाही. उलटही घडतं: ट्रान्झॅक्शन रद्द होतं आणि ‘तुमची ऑर्डर मिळाली’ हा मेल मात्र गेलेला असतो. म्हणून टास्क नेहमी ‘ऑन_कमिट’मधून सोडा. आणि टास्कला ऑर्डरचा आयडी द्या, आख्खा ऑब्जेक्ट नको.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा हे एररच्या आकड्यावरून ठरवा. ४ ने सुरू होणारे आकडे, उदाहरणार्थ ४२१ किंवा ४५१, तात्पुरत्या अडचणीचे. त्यांना थांबून, दर खेपेला अंतर वाढवत पुन्हा पाठवा. ५ ने सुरू होणारे, उदाहरणार्थ ५५०, कायमचा नकार. तिथे पुन्हापुन्हा धडका मारल्यात तर तुमच्याच डोमेनची पत घसरते.

एकच मेल दोनदा जाण्याचा धोका पूर्ण टळत नाही, कारण सर्व्हरने मेल घेतल्यावर आणि त्याचा होकार यायच्या आत जोडणी तुटू शकते. तो कमी करण्यासाठी ऑर्डरवर ‘मेल कधी गेला’ असा रकाना ठेवा आणि पाठवण्यापूर्वी तो तपासा. ओटीपीची रांग वेगळी ठेवा. दिवाळीच्या सवलतीचे हजारो मेल पुढे असताना त्याच रांगेत ओटीपी उभा राहिला तर तो हाती पडेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

पासवर्ड रीसेटचा मेल काही जणांनाच येत नाही. एररही नाही.

हे जँगोने जाणूनबुजून केलेलं आहे. पत्ता नोंदलेला नसेल, खातं निष्क्रिय असेल किंवा त्या खात्याला वापरता येण्याजोगा पासवर्डच नसेल, तर मेल जात नाही आणि पान मात्र तेच दिसतं, म्हणजे कोणाचं खातं आहे आणि कोणाचं नाही हे चाचपता येत नाही. गूगल लॉगिनने आलेल्या लोकांकडे सहसा पासवर्ड नसतो, म्हणून ‘काही जणांनाच’.

दुव्यात तुमच्या डोमेनऐवजी ‘एक्झाम्पल-डॉट-कॉम’ येत असेल तर साइट्स फ्रेमवर्क (साइटचं डोमेन डेटाबेसमध्ये ठेवणारा जँगोचा भाग) बसवलेलं आहे आणि त्याच्या टेबलातली पहिली नोंद कोणी बदललेली नाही. ॲडमिनमध्ये जाऊन बदला. दुव्याची मुदत डीफॉल्टला ३ दिवस, म्हणजे २,५९,२०० सेकंद असते. पैशांचे व्यवहार असलेल्या ॲपला ती फार आहे, एका तासावर आणा.

मराठी मजकुरात काय काय बिघडतं?

मजकूर हाताने एन्कोड करू नका. यूटीएफ-८ चं काम जँगो स्वतः करतो. मूळ मेलमध्ये विषयाची ओळ अगम्य इंग्रजी अक्षरांची दिसली तर घाबरू नका, हेडर असाच जातो. बिघाड होतो तो इतर ठिकाणी.

साध्या मजकुराच्या टेम्प्लेटमध्ये भरल्या जाणाऱ्या नावात ‘देसाई & सन्स’ असेल तर मेलमध्ये & च्या जागी एचटीएमएलचा कोड उमटतो. फाइल साध्या मजकुराची असली तरी जँगोचं टेम्प्लेट तिच्यात भरलेली मूल्यं एचटीएमएल समजून एस्केप करतं, म्हणजे खास चिन्हांच्या जागी कोड घालतं. त्या टेम्प्लेटमध्ये ‘ऑटोएस्केप ऑफ’ लावा, पण एचटीएमएलच्या टेम्प्लेटमध्ये चुकूनही नको. विषयाचं टेम्प्लेट वेगळ्या फाइलमध्ये असेल तर शेवटची नवी ओळ काढून टाका. विषयात नवी ओळ दिसली की जँगो मेल अडवतो. हेडरमध्ये बाहेरचं काही घुसवलं जाऊ नये म्हणून ही खबरदारी आहे.

मेल सेलरीतून गेला की भाषा डीफॉल्टची, बहुधा इंग्रजी, होते, कारण वर्करकडे वापरणाऱ्याची विनंती नसते आणि म्हणून त्याची भाषाही नसते. मेल तयार करण्याचा भाग ‘ट्रान्सलेशन-ओव्हरराइड’मध्ये घ्या आणि भाषा वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमधून द्या. वेळेचंही तसंच आहे. ‘टाइम_झोन’ यूटीसी राहिला असेल तर सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट मेलमध्ये पाच वाजता दिसेल. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरं काही शोधू नका.

एचटीएमएल मेलमध्ये वेबफाँटवर विसंबू नका. जीमेल तो घेत नाही आणि फोनमधला देवनागरी फाँट लावतो. ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर मात्रा आणि उकार एकमेकांत अडकतात. आकाराकडेही लक्ष द्या: जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतो, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं.

पत्त्यात ‘.भारत’ डोमेन असेल तर जँगो ते पनीकोडमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या रूपात, बदलून घेतो. पण ‘ॲट’च्या डावीकडचं नावही देवनागरीत असेल तर जँगोचा ईमेल व्हॅलिडेटर फॉर्मवरच तो पत्ता नाकारतो.

पावतीची पीडीएफ जोडायला काही मर्यादा?

जीमेलची मर्यादा २५ एमबी. पण जोडपत्र बेस६४ मध्ये (फाइल साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) जातं आणि साधारण एक तृतीयांशाने फुगतं, म्हणजे प्रत्यक्षात १८ एमबीच्या आत राहा. त्याहून मोठी फाइल असेल तर मुदत असलेला दुवा पाठवा.

टेस्टमध्ये मेल गेला की नाही हे कसं तपासायचं?

टेस्ट चालताना जँगो आपणहून मेमरीतला बॅकएंड लावतो आणि गेलेले मेल ‘मेल-डॉट-आउटबॉक्स’ या यादीत जमा होतात. किती आहेत, कोणाला आहेत, दुवा बरोबर आहे का, तिथे तपासा. ‘ऑन_कमिट’ वापरत असाल तर साध्या ‘टेस्टकेस’मध्ये यादी रिकामी दिसेल, कारण तिथे ट्रान्झॅक्शन कधी कमिटच होत नाही. त्यासाठी ‘कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स’ आहे, त्यात ‘एक्झिक्यूट’ ट्रू करा.

परत आलेल्या मेलचं काय करायचं?

मेलसेवेचा वेबहुक (मेलचं काय झालं ते तुमच्या ॲपला कळवणारी विनंती) जोडा आणि कायमचा बाद झालेला पत्ता कळला की डेटाबेसमध्ये खूण करून त्याला मेल पाठवणं थांबवा. एसईएस ५ टक्के मेल परत आले की खातं तपासणीखाली घेतं आणि १० टक्क्यांवर पाठवणं थांबवू शकतं. बाद पत्ते येतात मुख्यतः नोंदणीच्या फॉर्ममधून, जीमेलच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गाळलेले. पहिला मेल फक्त पत्ता पडताळण्याचा पाठवा आणि पडताळणी होईपर्यंत दुसरा काहीही पाठवू नका.

एसईएस नव्याने घेतलं असेल तर खातं सँडबॉक्समध्ये असतं: २४ तासांत २०० मेल, तेही पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर काढण्यासाठी अर्ज करावा लागतो. ॲप सुरू करायच्या आदल्या रात्री हे लक्षात येऊ देऊ नका. मुंबई रीजनमध्ये एसईएस आहे, पण सँडबॉक्समधून बाहेर पडणं दर रीजनला वेगळं असतं, म्हणून अर्ज करताना रीजन तपासा.

ॲपमध्ये एरर आली की आम्हाला मेल येईल का?

‘डीबग’ फॉल्स असेल आणि ‘ॲडमिन्स’मध्ये पत्ते असतील तर ५०० च्या प्रत्येक एररला येईल. हे मेल ‘सर्व्हर_ईमेल’ या पत्त्यावरून निघतात. तो डीफॉल्टला ‘रूट ॲट लोकलहोस्ट’ असतो आणि अनेक मेलसेवा तो नाकारतात, म्हणून तोही तुमच्या डोमेनचा करा. रहदारी जास्त असेल तर हा मार्ग सोडून सेंट्रीसारखं एरर नोंदवणारं साधन लावा. डेटाबेस पडला की काही मिनिटांत शेकडो मेल निघतात आणि त्यातच दिवसाची मर्यादा संपून ग्राहकांचे मेल अडकतात.